कॉपी केलेल्या कवितेखालची ओळ

गेल्या नोव्हेंबरच्या अंकात माझी 'मेणबत्ती' ही कविता आली होती. सोळा ओळींची. ऑल सोल्स डेला, म्हणजे दोन नोव्हेंबरला, आम्ही सिमेट्रीत जाऊन आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. वारा आला की त्या विझतात आणि आजी पुन्हा लावते. त्यावरची ती कविता. अंक आला, चार मैत्रिणींनी छान म्हटलं, सरांनी एका शब्दावर पेन्सिलने गोल केला आणि विषय संपला असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी माझीच कविता मावशीने मला फॉरवर्ड केली. खाली एका फार मोठ्या कवीचं नाव होतं. नाव लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काहीच दोष नाही आणि ते आता हयातही नाहीत. मावशीने वर लिहिलं होतं, "किती छान लिहिलंय बघ की. तू पण असलं कायतरी लिहीत जा."

आधी मला हसू आलं. मग राग आला, आणि मग थोडा माजही आला, कारण एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर आपली कविता खपून जाते ही गोष्ट काही लहान नाही. पण रात्री झोप येईना. कविता वाचून लोक रडले असतील तर ते दुसऱ्याच कुणाची तरी म्हणून रडले. माझ्या आजोबांच्या कबरीवरची मेणबत्ती कुणी दुसराच लावून गेला होता.

दोन दिवस मी उलटा माग काढत बसले. मावशीला ती शेजारच्या काकूंनी पाठवली होती. त्यांना भजनी मंडळाच्या ग्रुपातून आली, आणि तिथे खाली 'अज्ञात' होतं. त्याच्या आधीच्या ग्रुपात 'संग्रहित' होतं. (हा 'संग्रहित' नावाचा कवी मराठीत सर्वांत जास्त लिहितो असं माझं मत झालं आहे.) त्याच्या आधी खानापूरच्या एका नातेवाईकांकडे खाली काहीच नव्हतं, नुसती कविता. आणि त्यांना ती पाठवली होती माझ्या आईने.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, नाव कशाला घालायचं? ग्रुपातल्या सगळ्यांना माहिती आहे की तू लिहितीस ते."

या लेखाचा विषय आहे जावास्क्रिप्ट. आपल्या मंडळात सध्या जो वाद चालू आहे त्यात माझी बाजू मांडायला मी बसले आहे, आणि आईचा किस्सा आधी सांगितला कारण माझी सगळी बाजू त्याच्यावर उभी आहे.

ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या कवितेचं असं झाल्यावर मंडळात प्रस्ताव आला की अंकाच्या पानांवर एक छोटा कोड बसवायचा. कुणी अंकातला मजकूर निवडून कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला, की मजकुराच्या खाली आपोआप एक ओळ येईल: हे कुठून घेतलं, कुणाचं आहे. वाचकाने काही करायचं नाही. काही जण त्याच्याही पुढे गेले. कॉपीच बंद करा, राइट क्लिक बंद करा, मजकूर निवडताच येऊ नये असं करा, असं त्यांचं म्हणणं. मी 'पीडित' असल्यामुळे सर्वांत जोरात हात मी वर करणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ओळीला माझा हात वर आहे. कुलपाला नाही. आणि ओळ घालायची तर ती कुठली, यावर माझं भांडण आहे.

हे कसं चालतं ते मला बीसीएच्या एका मित्राने लॅबमध्ये बसवून दाखवलं. साहित्याच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत सांगते. तुम्ही कॉपी म्हणता तेव्हा ब्राउझर मनातल्या मनात एक हाक देतो, 'कॉपी होतंय'. ही हाक पानावरच्या कोडला ऐकू येते. मग कोड तुम्ही निवडलेला मजकूर उचलतो, त्याला आपली ओळ जोडतो आणि ब्राउझरला सांगतो, तू थांब, क्लिपबोर्डवर मी ठेवतो. दहा-बारा ओळींचा कोड असतो. पूर्वी ही सोय नव्हती तेव्हा लोक एक गंमत करायचे. पडद्याच्या डाव्या कडेच्या बाहेर, कुणालाही दिसणार नाही अशा जागी एक पेटी तयार करायची, तिच्यात मजकूर आणि ओळ दोन्ही भरायचं, निवड गुपचूप त्या पेटीवर न्यायची, कॉपी झालं की पेटी मोडून टाकायची. म्हणजे तुम्ही कॉपी करत होता एक आणि होत होतं दुसरंच. मला ही युक्ती ऐकून नाटकातली विंगेमागची धावपळ आठवली.

ही कल्पना नवी नाही. २०१०च्या सुमारास टिंट नावाच्या कंपनीची अशीच सोय बऱ्याच मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी आपल्या पानांवर बसवली होती. दोन वाक्यं कॉपी केली की खाली 'पुढे वाचा' आणि लांबलचक पत्ता. वाचकाने काय कॉपी केलं याची नोंदही कंपनीकडे जायची. त्याच वर्षी जॉन ग्रूबर या अमेरिकन लेखकाने त्यावर सडकून टीका केली. माझ्या क्लिपबोर्डवर मी ठेवलं तेवढंच असावं, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. मला ते पटतं. म्हणून पहिली अट इथेच लिहून टाकते. आपल्या कोडने कोण काय कॉपी करतंय हे मोजायचं नाही. कवितेचं नाव सांगायच्या निमित्ताने वाचकाच्या खिशात डोकावायचं नाही.

पण सगळेच वाईट करत नाहीत. ॲपलच्या पुस्तकांच्या ॲपमधून उतारा कॉपी केला की खाली पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव येतं, सोबत स्वामित्वहक्काची एक सूचना. परीक्षेच्या टिपणात मला त्याचा उपयोगच झाला आहे. चार महिन्यांनी वही उघडल्यावर हे वाक्य कुणाचं होतं म्हणून डोकं धरून बसावं लागत नाही.

आता प्रयोगाचं सांगते, कारण खरी मजा तिथे आली. आम्ही 'मेणबत्ती'च्या पानाच्या एका वेगळ्या प्रतीवर कोड बसवला आणि कॉपी करून पाहिलं. पहिल्या फटक्यात माझ्या सोळा ओळी वर्डमध्ये एका सलग परिच्छेदासारख्या उतरल्या. ओळी तुटण्याची खूण कोडमध्ये एका प्रकारची आणि वेबच्या मजकुरात दुसऱ्या प्रकारची असते. ती बदलायची राहिली तर सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर पडतात. गद्याला फार फरक पडत नाही. कवितेत ओळ कुठे मोडते हीच अर्धी कविता असते. मित्र म्हणाला, "दोन मिनिटांत होईल," आणि झालंही. पण ज्या मंडळाकडे असा मित्र नाही ते काय करतील?

दुसऱ्या फटक्यात ओळी सरळ आल्या, पण खाली पत्ता आला तो बघून आम्ही दोघेही गप्प झालो. आपल्या अंकातल्या पानांचे पत्ते मराठीत आहेत, कवितेच्या नावावरून. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ते छान देवनागरी दिसतात. कॉपी झाल्यावर मात्र त्यांचं 'टक्के-ई-शून्य-टक्के-ए-चार' असलं काहीतरी होतं. देवनागरीतला एकेक वर्ण संगणकाच्या पोटात तीन तुकड्यांनी साठवलेला असतो आणि पत्त्यात प्रत्येक तुकडा तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका वर्णाची नऊ चिन्हं. 'आई' या दोन अक्षरांची अठरा. 'मेणबत्ती'चं काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा, काना-मात्रा-वेलांट्या धरून. कविता संपली की खाली हे अगम्य शेपूट. लोकांना वाटेल मोबाइलला व्हायरस लागला.

तिसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. कुणी एखादाच शब्द कॉपी केला, शब्दकोशात अर्थ बघायला किंवा मैत्रिणीला विचारायला, तरी ओळ चिकटते. हे तर फारच वाईट. त्यावर उपाय असा की अमुक अक्षरांपेक्षा मोठा मजकूर असेल तरच ओळ घालायची. मित्राने इंग्रजीच्या सवयीने वीसचा आकडा टाकला. मी 'स्त्री' हा शब्द कॉपी करून विचारलं, हे किती? त्याने मोजून दाखवलं. सहा! आपण एक अक्षर म्हणतो. संगणक त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा मोजतो. म्हणजे वीसची मर्यादा मराठीत तीन-चार शब्दांतच ओलांडली जाते. शेवटी मर्यादा वाढवून साधारण दोन ओळींच्या वर नेली. इंग्रजीसाठी लिहिलेलं हत्यार मराठीला जसंच्या तसं लावलं की कुठेतरी टोचतंच, हे आपण सीमाभागातले लोक वेगळ्या अनुभवानेही जाणतो. असो.

आमच्या वर्गातला एक मित्र दृष्टी अधू असल्यामुळे अंकातला मजकूर एकेक कडवं करून मोबाइलच्या वाचून दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकतो. त्याला आम्ही हा प्रयोग ऐकवायला लावला. एक कडवं झालं, मग "एच टी टी पी एस कोलन स्लॅश स्लॅश…" दुसरं कडवं झालं, पुन्हा "एच टी टी पी एस…" तो हसून म्हणाला, "तुझ्या कवितेत हे ध्रुपद कधीपासून आलं?" त्याच दिवशी ओळीतून पत्ता काढायचा हे मी मनाशी ठरवलं.

आणि पत्ता काढला की खाली काय उरतं? कवीचं नाव. इंटरनेटवर अशा कोडचे जे तयार नमुने मिळतात त्यांत बहुतेक वेळा नाव असतं ते पानाच्या मालकाचं. 'स्रोत: अमुक', पुढे पत्ता, पुढे 'सर्व हक्क राखीव'. लेखकाचा पत्ताच नसतो. पहिल्या प्रस्तावात आपली ओळही अशीच होती. अंकाचं नाव, कॉलेजचं नाव, वर्ष. कवयित्री गायब! म्हणजे आधी माझं नाव माणसांनी गाळलं होतं, आता यंत्राने गाळलं असतं, तेही माझ्याच रक्षणासाठी.

कायदासुद्धा यात लेखकाच्या बाजूने आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७ असं सांगतं की लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं आहे' असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. पैशाचा हक्क आणि नावाचा हक्क वेगळे. आपल्या अंकात पैसे नाहीतच, त्यामुळे उरलेला एकच हक्क तरी नीट सांभाळू या.

आता साहित्याकडे येते, नाहीतर सर म्हणतील मंडळाचा अंक आहे की कॉम्प्युटरचा. नाव मजकुराला चिकटवून ठेवण्याचा प्रश्न आपल्या भाषेला नवा आहे काय? 'तुका म्हणे' काय आहे? अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव, तेही छंदात असं बसवलेलं की काढलं तर चाल लंगडी व्हावी. अभंग ओठातून ओठाकडे जायचे, कागदाचा भरवसा नव्हता. म्हणून नाव बाहेर चिकटवलं नाही, आत विणलं. 'एका जनार्दनी'मध्ये तर एकनाथांनी स्वतःबरोबर गुरूचंही नाव बांधून टाकलं. सोयराबाई पुष्कळ ठिकाणी चोखियाची महारी म्हणून सही करते. स्वतःच्या नावाऐवजी नवऱ्याचं नाव आणि जात. त्या सहीत केवढं काय आहे यावर एक वेगळा लेख होईल.

हा कोड ब्राउझरशिवाय चालणारा होता. पण बिनचूक नव्हता, हेही सांगायला हवं. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. तुकोबांचे अभंग घेऊन त्यातलं नाव काढून हा गृहस्थ आपलं नाव घालायचा असं परंपरा सांगते. म्हणजे खालची ओळ खोडून फॉरवर्ड करणारा माणूस सतराव्या शतकातही होताच. उलटंही घडलं. विष्णुदास नामा नावाचे नंतरचे कवी झाले आणि त्यांच्या रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. ते वेगळे काढता काढता अभ्यासक थकले. नाव होतं, तरीही. कारण 'नामा' दोन होते.

कुलूपवाल्यांना मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल इथे १६१६ साली छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुराण आपल्यापर्यंत आलं ते हातांनी नकला करणाऱ्यांमुळे. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ते छापलं तेही हस्तलिखितांवरून. छापखाना हरला आणि कॉपी करणारे जिंकले. त्या लोकांनी मूळ ग्रंथ उतरवला, कवीचं नाव ठेवलं, आणि मराठीतलं इतकं मोठं ख्रिस्ती काव्य वाचवलं. 'कॉपी बंद' असा कोड त्या काळी कुणी लावू शकला असता तर आज आपल्या अभ्यासक्रमात ते नसतं. राइट क्लिक बंद केल्याने तसंही काय होणार? स्क्रीनशॉट आहे, ब्राउझरचा साधा वाचन-मोड आहे, जावास्क्रिप्ट बंद करता येतं, आणि काहीच जमलं नाही तर बघून टाइप करता येतं. सोळाच ओळी आहेत. शिवाय आपला अर्धा अंक लोक पीडीएफमध्ये वाचतात, तिथे हा कोड मुळी जातच नाही. ज्याला चोरायचं आहे त्याला अर्धा मिनिट जास्त लागेल. ज्याला नुसतं प्रेमाने पाठवायचं आहे तो मात्र कंटाळून सोडून देईल. आपण अडवणार कुणाला, तर आईला.

एकनाथांची आठवणही इथे येते. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यापुढे यात कुणी आपली ओवी घुसडली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नकला करू नका असं ते म्हणाले नाहीत. नकला करा, पण भर घालू नका. आता आपण काय करणार आहोत? दर वेळी कॉपी झाली की यंत्राकडून भर घालणार आहोत. टक्के-ई-शून्यचं शेपूट ही शंभर टक्के नरोटी आहे. 'सर्व हक्क राखीव' हीसुद्धा नरोटी. पण 'तुका म्हणे'ला कुणी नरोटी म्हणत नाही. मला ओळ हवी ती त्या जातीची. छोटी, मराठी, कवितेचं नाव आणि कवीचं नाव, संपलं. आणि पानाच्या तळाशी साध्या शब्दांत लिहिलेलं असावं की इथून कॉपी केल्यास खाली लेखकाचं नाव येईल, नको असेल तर काढा. लपवून काही नको. डाव्या कडेबाहेरच्या पेट्या नकोत.

'नको असेल तर काढा' यावर बैठकीत ओरड होणार हे मला माहीत आहे. मग उपयोग काय, असं विचारतील. उपयोग मी आईवर तपासला. तिला न सांगता तिच्या मोबाइलवर प्रयोगाचं पान उघडून दिलं आणि म्हटलं, ही कविता मामाला पाठव. पहिल्या वेळी खाली पत्त्याचं शेपूट होतं. तिने ते पुसून टाकलं. "खाली कायतरी इंग्लिश आलं होतं, काढून टाकले," म्हणाली. दुसऱ्या दिवशी नवी ओळ घातलेलं पान दिलं. या वेळी खाली फक्त 'मेणबत्ती' आणि माझं नाव. तिने पाठवलं. नाव तसंच राहिलं. मामाचं उत्तर आलं, "कोण, आपली पोरगी काय?"

त्याचं कारण शोधताना मला आणखी एक साधी गोष्ट कळली, आणि ती कोडपेक्षा महत्त्वाची आहे. नोव्हेंबरच्या अंकात माझं नाव होतं कुठे? कवितेच्या शीर्षकाशेजारी, एका वेगळ्या रंगीत चौकटीत. मोबाइलवर बोट दाबून धरलं आणि कविता निवडली की ती चौकट निवडीत येतच नाही. आईने नाव गाळलं नव्हतं, तिच्या बोटाला ते लागलंच नव्हतं. नाव कवितेच्या शेवटच्या ओळीखाली, त्याच चौकटीत लिहिलं असतं तर कदाचित हा लेखच लिहावा लागला नसता. म्हणून माझी मागणी आहे की कोड बसवा किंवा नका बसवू, पुढच्या अंकापासून प्रत्येक कवितेचं नाव-गाव कवितेच्या खालीच छापा. पीडीएफमध्येही. स्क्रीनशॉटमध्येही ते येईल. दिसायला जरा जुनाट वाटेल, चालेल.

एवढं सगळं ठरवून झाल्यावर मला वाटलं आपलं मत पक्कं झालं. मग जानेवारीच्या अंकासाठीचा माझा दुसरा लेख आठवला. आजीकडून ऐकलेल्या रोसच्या ओव्यांवरचा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला किंवा मुलीला नारळाचा रस लावतात तेव्हा बायका म्हणतात त्या, अर्ध्या मराठी, अर्ध्या कोंकणी. मी त्या लिहून काढल्या, अर्थ दिले, वर माझं नाव. आता त्या पानावर हा कोड बसला आणि कुणी नेमक्या ओव्याच कॉपी केल्या, तर खाली काय येणार? माझं नाव. मी एकही ओवी रचलेली नाही. सालोमालोला नावं ठेवता ठेवता मी यंत्राच्या हाताने सालोमालो होणार होते.

जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि गाणारीचं नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदलेलं असतं. आता 'पारी'वर त्या वाचायला-ऐकायला मिळतात, तिथेही गाणारीचं नाव, गाव आणि बऱ्याचदा फोटोही असतो. ज्या बायकांची नावं कधी रेशनकार्डाच्या पलीकडे कागदावर आली नसतील, त्यांची नावं ओवीखाली येतात. मी मात्र आजीचं नाव लेखात एकदाच लिहिलं होतं, तेही 'माझी आजी' असं.

म्हणून कोडमध्ये आणखी एक सोय करून घ्यावी लागणार आहे. दर पानाला एकच नाव चालणार नाही. मजकुराच्या ज्या भागाचा जो धनी, त्याचं नाव त्या भागाला बांधायचं. मित्र म्हणतो, कोडला हे अवघड नाही. प्रत्येक उताऱ्याला आपण मेहनतीने खूण करून दिली पाहिजे, एवढंच. ती मेहनत संपादक मंडळाने करायची, म्हणजे आपणच.

मी आजीला फोन करून विचारलं, तुझ्या ओव्यांखाली तुझं नाव घालू ना? ती म्हणाली, "माझं कशाला? मला आमच्या आईनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं. कुणाकुणाचं घालशील?" मी म्हटलं, पण काहीतरी घालायला पाहिजे, नाहीतर माझं येतंय. ती जरा वेळ गप्प राहिली. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "गावाचं घाल. आणि खाली घाल, म्हणणाऱ्या बायका. त्यात मी आले की."

शनिवारच्या बैठकीत हीच ओळ मी मांडणार आहे. गावाचं नाव, खानापूर तालुका, म्हणणाऱ्या बायका. कुणाला याहून बरी सुचली तर बैठकीआधी मला सांगा. कोड सोमवारी बसणार आहे.